उभी अक्षरे, आडवा अर्थ

कवितेच्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर घेऊन ती अक्षरे वरून खाली वाचली असता एखादे नाव किंवा वाक्य तयार होत असेल, तर त्या रचनेला इंग्रजीत 'ॲक्रॉस्टिक' म्हणतात आणि मराठीत तिला आद्याक्षरी कविता म्हणता येईल. या कवितेला दोन अर्थ असतात. एक आडवा, जो वाचकाला मिळतो, आणि दुसरा उभा, ज्याच्यासाठी कवीने सगळा खटाटोप केलेला असतो. वाचक लहानपणापासून आडवे वाचायला शिकलेला असल्यामुळे कवीला आद्याक्षरे ठळक छापावी लागतात, तांबड्या शाईने रंगवावी लागतात आणि एवढे करूनही समारंभ आटोपल्यावर सत्कारमूर्तींच्या कानाशी लागून "पहिली अक्षरं पाहिलीत ना?" असे विचारावे लागते. याउलट ज्या आद्याक्षरांत एखाद्याची खोडी काढलेली असते ती ठळक नसतानाही लोकांच्या नजरेत भरतात, आणि तीही नेमकी ज्यांच्या नजरेस पडू नयेत त्यांच्या. या काव्यप्रकाराचा दोन-अडीच हजार वर्षांचा इतिहास स्थूलमानाने या दोन दुर्दैवांमध्ये विभागलेला आहे.

त्याची वंशावळ मात्र अत्यंत सोवळी आहे. हिब्रू बायबलातील 'विलापगीत' हा ग्रंथ इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास झालेल्या जेरुसलेमच्या विध्वंसावरचा शोक असून त्याच्या पाच अध्यायांपैकी पहिल्या चार अध्यायांत हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरे ओळीने श्लोकांच्या आरंभी येतात. तिसऱ्या अध्यायात तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला तीन श्लोक दिल्यामुळे त्यांची संख्या ६६ होते. नगर जळाले आहे, मंदिर पडले आहे, लोक देशोधडीला लागले आहेत, आणि कवी वर्णानुक्रमाने रडतो आहे, हे दृश्य आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटले तरी पाठांतराच्या दृष्टीने ती मोठी सोय होती, आणि दुःखाला अक्षरओळख असली की ते एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपते, हाही फायदा लहान नाही. स्तोत्रसंहितेतील ११९ व्या स्तोत्रात प्रत्येक अक्षराला आठ याप्रमाणे १७६ श्लोक आहेत, आणि तेथे मात्र भक्ताची परीक्षा पाहिली गेली आहे असे नम्रपणे म्हणावे लागते.

या रचनेतून काय सिद्ध होते याचा पहिला मार्मिक विचार रोमन वक्ता सिसेरो याने केला. रोममध्ये सिबिल नावाच्या भविष्यवादिनींची वचने राज्यकारभारात प्रमाण मानली जात, आणि ती वचने देवाने झपाटलेल्या अवस्थेत, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अंगात आलेले असताना, उच्चारली गेली अशी श्रद्धा होती. इसवी सनापूर्वी ४४ च्या सुमारास लिहिलेल्या शकुनविद्येवरील ग्रंथात सिसेरोने शांतपणे असे दाखवून दिले की या वचनांच्या आद्याक्षरांतून शब्द तयार होतात, आणि असे काम घुमणाऱ्या माणसाचे नसून बैठक मारून खाडाखोड करणाऱ्या माणसाचे आहे. अंगात आलेल्या व्यक्तीला एक वेळ छंद सांभाळता येईल, पण पुढच्या ओळीचे पहिले अक्षर कोणते हवे हे आठवून तिला घुमता येणार नाही. अंधश्रद्धेच्या निर्मूलनासाठी आद्याक्षरांचा असा उपयोग त्यानंतर फारसा कोणी केलेला दिसत नाही.

भारतीय परंपरेत अशा कसरतींना 'चित्रकाव्य' या नावाखाली वेगळे स्थान आहे. ज्या काव्यात अर्थाच्या सौंदर्यापेक्षा अक्षरांच्या मांडणीचा चमत्कार मोठा, ते चित्रकाव्य. त्यातील 'बंध' म्हणजे श्लोकाची अक्षरे तलवारीच्या, मृदंगाच्या किंवा कमळाच्या आकृतीत बसवता येतील अशी रचना. अकराव्या शतकातील काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ मम्मट याने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात काव्याच्या तीन प्रती लावल्या आणि चित्रकाव्याला सर्वांत खालची प्रत दिली. मात्र पुढे नवव्या उल्लासात, हे काव्य कष्टाचे आहे, केवळ दिशा दाखवतो, असे सांगत त्याने खड्गबंध, मुरजबंध, पद्मबंध आणि कोणत्याही दिशेने सारखाच वाचता येणारा सर्वतोभद्र यांची उदाहरणे दिलीच. नाक मुरडायचे आणि ताटही पुढे ओढायचे, हा समीक्षकांचा शिरस्ता तेव्हापासून अबाधित आहे. माघ कवीने 'शिशुपालवध' या महाकाव्याच्या एकोणिसाव्या सर्गात युद्धवर्णनाच्या निमित्ताने असे बंध भरभरून योजले असून सर्गाच्या शेवटी असलेल्या चक्रबंधात, म्हणजे चाकाच्या आकृतीत मांडायच्या श्लोकात, स्वतःचे आणि काव्याचे नाव वर्तुळाकार लपवून ठेवले आहे. सैन्ये एकमेकांवर तुटून पडली असताना कवी चाकाच्या आऱ्यांवर अक्षरे बसवीत होता, ही गोष्ट कोणत्याही योद्ध्याला आवडली नसती.

मराठी घरांत आद्याक्षरी रचना परिचयाची आहे ती शिवपंचाक्षर स्तोत्रामुळे. आद्य शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या या स्तोत्राची पाच कडवी न, म, शि, व, य या अक्षरांनी अनुक्रमे सुरू होतात, आणि वाचकाच्या बुद्धीवर फार भिस्त न ठेवता स्तोत्रकाराने प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्या त्या अक्षराचा उच्चार करून उत्तरही देऊन ठेवले आहे. तरीही श्रावणातल्या सोमवारी ते घडाघडा म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांचे लक्ष अक्षरांपेक्षा प्रसादाकडे असते. वाल्मीकिरामायणाविषयी अशी परंपरागत समजूत आहे की त्याच्या २४,००० श्लोकांतील प्रत्येक हजारातला पहिला श्लोक घेतला असता गायत्री मंत्राची २४ अक्षरे क्रमाने हाती येतात. दोन अक्षरांच्या मध्ये हजार श्लोकांचे अंतर असल्यामुळे हा उभा अर्थ पडताळून पाहणाऱ्यांची संख्या तो मानणाऱ्यांच्या संख्येपेक्षा कमी असावी, हे ओघानेच आले.

अक्षरांशी खेळण्यात मराठीपुरता ज्यांचा हात कोणी धरला नाही ते मोरोपंत (१७२९–१७९४). त्यांनी रामकथा एकशे आठ वेळा सांगितली असे मानले जाते, आणि तीच गोष्ट इतक्या वेळा सांगायची तर प्रत्येक वेळी स्वतःवर नवे बंधन घालून घेणे त्यांना भाग पडले असावे. 'मंत्ररामायणा'त त्यांनी त्रयोदशाक्षरी राममंत्राची अक्षरे कवितेत गुंफली, तर 'निरोष्ठरामायणा'त ओठ न मिटता उच्चारता येतील अशाच अक्षरांनी कथा सांगितली. ओठ मिटल्याशिवाय उच्चारता न येणारी प, फ, ब, भ, म ही अक्षरे त्यातून हद्दपार झाली, आणि त्यांच्याबरोबर कथानायकाचे नावही गेले, कारण 'राम' या नावातले दुसरे अक्षर ओष्ठ्य आहे. ज्यात राम नाही असे रामायण लिहून दाखवणारा कवी मराठीत होऊन गेला, ही गोष्ट समीक्षकांनी पुढे निरनिराळ्या पुस्तकांबद्दल जे उद्गार काढले त्यांच्या तुलनेत किती गौरवाची आहे! संस्कृत गद्यकार दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्त नावाचा कुमारही आपली हकीकत ओष्ठ्य अक्षरांवाचून सांगतो, पण त्याला निदान सबळ कारण होते. प्रियेच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखत होते. पंतांविषयी तशी शंका घेण्यास कोणताही आधार नाही.

आधुनिक काळात या परंपरेचा वारसा कार्यालयांतील हौशी कवींकडे गेला आहे. सेवानिवृत्ती, एकसष्टी, लग्नाचा वाढदिवस अशा प्रसंगी मानपत्राच्या जोडीला सत्कारमूर्तींच्या नावावर आद्याक्षरी कविता करण्याची जबाबदारी ज्याच्यावर येते, त्याला रोमन लिपीतल्या कवीला माहीत नसलेल्या संकटाला तोंड द्यावे लागते. इंग्रज लेखक ल्युइस कॅरलने १८७१ साली 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकाच्या अखेरीस आपल्या ओळखीतल्या ॲलिस प्लेझन्स लिडेल या मुलीचे संपूर्ण नाव २१ ओळींच्या आद्याक्षरांत बसवले, कारण त्याच्या वर्णमालेत जे अक्षर नावाच्या मध्ये येते ते बहुधा कुठल्या तरी शब्दाच्या आरंभीही येते. मराठीत 'ळ' हे अक्षर कोणत्याही शब्दाच्या आरंभी येत नाही, 'ण'ने सुरू होणारा शब्द बोलण्यात नाही, आणि जोडाक्षरांचा तर भरवसाच नाही. त्यामुळे बाळ, गोपाळ, अरुण, प्रवीण, दत्ता, विठ्ठल ही सगळी माणसे स्वभावाने कितीही सरळ असली तरी काव्यदृष्ट्या अडचणीची ठरतात. आडनावाकडे वळावे तर टिळक, गाडगीळ आणि काळे तेथे दबा धरून बसलेले असतात. फडके, आपटे आणि रानडे यांच्यावर कविता करणे सोपे आहे. त्या अधिक होत नाहीत याची कारणे अन्यत्र शोधावी लागतील.

समजा, पाटबंधारे खात्यातून लक्ष्मणराव निवृत्त होत आहेत. 'ल'ची ओळ विनासायास येते; 'लाभली आम्हां आपुली साथ' एवढे म्हटले की झाले. दुसरे अक्षर 'क्ष्म'. येथे कवी कोश उघडतो, आणि 'क्ष्मा' म्हणजे पृथ्वी हा एकमेव आधार सापडताच 'क्ष्मापतीसम शोभला रुबाब' अशी ओळ तयार होऊन कालव्याच्या पाळ्यांच्या नोंदी ठेवणारे लक्ष्मणराव बसल्या जागी पृथ्वीपती होतात. तिसरे अक्षर 'ण'. कोशात ते पान अर्ध्यावर संपते. मग कवी क्षणभर डोळे मिटून 'णम्र आमुचा निरोप घ्यावा' असे लिहितो आणि व्याकरणापेक्षा भावना महत्त्वाची असे स्वतःला बजावतो. 'रा' आणि 'व' या ओळी आरोग्य आणि शतायुष्य यांवर निभावतात. लक्ष्मणरावांचा जन्म दोन हजार वर्षे आधी, सातवाहनांच्या पैठणात झाला असता तर ही वेळ आली नसती. माहाराष्ट्री प्राकृतात 'न'चा सर्रास 'ण' होत असल्यामुळे हाल सातवाहनाच्या 'गाथासप्तशती'त 'ण'ने सुरू होणाऱ्या शब्दांना तोटा नाही. मराठी भाषेने त्या काळापासून आजवर जे काही गमावले त्याच्या यादीत ही बाब सहसा धरली जात नाही.

ज्यांना कविता जमत नाही त्यांच्यासाठी याच तत्त्वावर आधारलेला एक गद्य प्रकार उपलब्ध आहे, तो म्हणजे एखाद्या शब्दाच्या प्रत्येक अक्षराला एकेक सद्गुण चिकटवून त्या शब्दाचा 'खरा अर्थ' सांगणे. 'शिक्षक म्हणजे शिस्त, क्षमा आणि कर्तव्य' हे वाक्य शिक्षकदिनाच्या भाषणांत इतक्यांदा येते की शिकवणे या क्रियेचा त्यात उल्लेखच नाही हे कोणाच्या ध्यानात येत नाही. 'आई' शब्दातील आ म्हणजे आत्मा आणि ई म्हणजे ईश्वर, हेही सर्वश्रुत आहे. 'बाबा' या शब्दात मात्र दोन्ही अक्षरे एकच असल्यामुळे वडिलांच्या बाजूने बोलू पाहणाऱ्याला दुसऱ्या अक्षराशी थांबावे लागते, आणि वक्तृत्वस्पर्धांत वडिलांची जी उपेक्षा होते तिचे मूळ कदाचित एवढेच असेल. दिल्लीच्या पातळीवर हीच कला सरकारी योजनांच्या बारशात दिसते, जेथे इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून संस्कृत शब्द निर्माण केला जातो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'हृदय' योजनेचे पूर्ण नाव 'हेरिटेज सिटी डेव्हलपमेंट अँड ऑगमेंटेशन योजना' असे असून त्यात एकट्या 'हेरिटेज' या शब्दातून तीन रोमन अक्षरे काढून घेतली आहेत, 'सिटी'च्या वाट्याला एकही अक्षर आलेले नाही, आणि शेवटच्या अक्षराची निकड भागवण्यासाठी इंग्रजी शब्दांच्या रांगेत 'योजना' येऊन उभी राहिली आहे. मोरोपंतांनी इतकी सवलत घेतली नसती.

इंग्रजी निबंधकार जोसेफ ॲडिसन याने १७११ साली 'स्पेक्टेटर'मध्ये आद्याक्षरी रचनेला खोट्या चातुर्यात जमा केले, आणि तिचा जनक व अक्षरांची उलटापालट करून नवा शब्द बनवणाऱ्या खेळाचा जनक या दोघांत अधिक मठ्ठ कोण हे ठरवता येत नाही असा अभिप्राय दिला. स्तुतिपर रचनांपुरता हा निकाल मान्य करायला हरकत नाही. परंतु ॲडिसनने या प्रकाराची दुसरी बाजू विचारात घेतली नाही, ती म्हणजे समोरच्याच्या हातात आदबीने पत्र ठेवून त्यातच त्याला शिवी देण्याची सोय. आणि या बाजूने पाहिले तर आद्याक्षरी रचना ही साहित्यातील मोजक्या उपयुक्त शोधांपैकी एक ठरते.

ऑस्ट्रेलियातील कवयित्री ग्वेन हारवुड यांचे उदाहरण या संदर्भात आदर्श म्हणावे असे आहे. टास्मानियात संसार सांभाळून लिहिणाऱ्या या बाईंना असा अनुभव येत होता की पुरुषाच्या नावाने पाठवलेल्या कवितांकडे संपादक अधिक आदराने पाहतात. १९६१ साली त्यांनी 'वॉल्टर लेमान' या टोपणनावाने सिडनीच्या 'द बुलेटिन' या साप्ताहिकाला दोन सुनीते पाठवली, आबेलार आणि एलोइझ या मध्ययुगीन प्रेमी युगुलावर आधारलेली, गंभीर, विद्वत्ताप्रचुर आणि संपादकांना नाही म्हणता येणार नाही अशी. सुनीत चौदा ओळींचे असते. पहिल्या सुनीताच्या चौदा आद्याक्षरांतून बुलेटिनचा सरळ निरोप घेतलेला होता आणि दुसऱ्याच्या चौदा आद्याक्षरांत समस्त संपादकवर्गाला उद्देशून एक वाक्य होते, ज्यातील क्रियापद कोणत्याही मराठी मासिकात छापता येणार नाही. दोन्ही सुनीते छापली गेली, अंक विक्रीला गेला, आणि मग कोणीतरी उभे वाचले. त्या कवितांच्या आडव्या अर्थाची चर्चा त्या दिवसापासून जवळजवळ थांबली.

हारवुड यांच्या रचनेत योगायोगाला जागा नव्हती. गद्यात मात्र ती असते, आणि राजकारणी माणसाला तिचे मोल कळते. कॅलिफोर्नियाचे राज्यपाल अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २००९ मध्ये एक विधेयक नामंजूर करताना विधानसभेला जे पत्र पाठवले, त्यातील सलग सात ओळींची आद्याक्षरे वरून खाली वाचली असता दोन शब्दांची एक जगप्रसिद्ध शिवी तयार होत होती. ज्यांचे विधेयक होते त्या सदस्याने काही दिवस आधी एका भोजनसमारंभात राज्यपालांचा जाहीर पाणउतारा केलेला होता. राज्यपालांच्या कार्यालयाने कानावर हात ठेवले आणि हा निव्वळ योगायोग असल्याचे सांगितले, तेव्हा गणिती मंडळींनी असा योगायोग घडण्याची शक्यता किती हे मोजायला घेतले, जी अर्थातच फार थोडी निघाली. आडव्या ओळींत सौजन्य शाबूत असल्यामुळे पत्र लिहिणाऱ्यावर काहीही सिद्ध करता येत नाही, ही या पद्धतीची खरी ताकद आहे.

ही ताकद पगारदार माणसाच्या कामी येत नाही. पुढे दूरचित्रवाणीवर नावारूपाला आलेले मोटारपत्रकार जेम्स मे १९९२ मध्ये एका ब्रिटिश मोटार साप्ताहिकात नोकरीला असताना त्यांच्याकडे वर्षभरातील गाड्यांच्या परीक्षणांचे संकलन करण्याचे कंटाळवाणे काम आले. प्रत्येक परीक्षणाचे पहिले अक्षर मोठे आणि तांबड्या रंगात छापायचे ठरलेले होते, तेव्हा मे यांनी ती अक्षरे अशी जुळवली की सलग वाचल्यावर, हे संकलन वाचणाऱ्याला कदाचित झकास वाटत असेल, पण ते तयार करणे म्हणजे डोक्याला ताप आहे, अशा आशयाचा मजकूर अधिक रांगड्या भाषेत उमटावा. त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिगतीनुसार ही गोष्ट कार्यालयात कोणाच्याच लक्षात आली नाही. ती वाचकांनी शोधून काढली, आणि शोधणाऱ्याला बक्षीस असेल या समजुतीने त्यांनी कचेरीत फोन केले. मे यांची नोकरी गेली.

अक्षरे जुळवली म्हणजे काहीतरी मिळालेच पाहिजे ही वाचकांची अपेक्षा शब्दकोड्यांनी लावलेल्या सवयीतून आलेली आहे. आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात चौकटींचे पहिले कोडे छापले आणि उभे-आडवे वाचण्याचे जे काम कवी शतकानुशतके विनवण्या करूनही वाचकांकडून करवून घेऊ शकले नव्हते ते वाचक पैसे देऊन, पेन्सिल हातात धरून करू लागले. मराठीत शब्दकोडे रचणाऱ्यापुढे पुन्हा लिपीचीच अडचण उभी राहते, कारण इंग्रजी चौकटीत एक सुटे अक्षर असते तर मराठी चौकटीत काना, मात्रा, वेलांटीसह अख्खे अक्षर बसवावे लागते, आणि आडव्या शब्दाला 'का' हवा असतो तेथे उभ्या शब्दाला नेमका 'की' हवा असतो. म्हणून कोडेकार बिनकान्यामात्रांच्या शब्दांचा आश्रय घेतो; रव, खग, शर, कर आणि नग हे शब्द चौकटींबाहेर क्वचितच श्वास घेतात. बोलीत 'नग' म्हणजे वल्ली, कोड्यात मात्र तो पर्वत.

स्वातंत्र्याच्या आगेमागे या कोड्यांवर रोख बक्षिसे लागू लागली आणि प्रवेशशुल्क भरून हजारो लोक नशीब आजमावू लागले. या बक्षिसी कोड्यांची खुबी अशी की एकाच सूचनेला दोन-चार उत्तरे सारखीच लागू पडत, आणि त्यांतले एक संयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेले असे. 'घरात ही असावीच' अशी सूचना आणि दुसऱ्या चौकटीत 'ई' दिलेली, अशी कल्पना केली तर आई, ताई आणि माई या तिघींच्या आधारे स्पर्धक कुटुंबवत्सल उत्तरे पाठवणार आणि संयोजकांच्या लिफाफ्यातून 'सुई' निघणार. तत्कालीन मुंबई राज्याने १९४८ च्या कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवला, पुढे राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतील स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या, आणि बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातील कोड्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी निकाल देताना ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारतापर्यंतचे दाखले काढले आणि जेथे यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही ती स्पर्धा जुगार होय, व्यापार नव्हे, असा निर्णय दिला. दुपारी जेवणानंतर आडवे शब्द भरणाऱ्या निरुपद्रवी गृहस्थाला त्या दिवशी युधिष्ठिराच्या पंगतीला बसण्याचा मान मिळाला.

त्याआधी १९५५ मध्ये संसदेने बक्षीस स्पर्धांचा स्वतंत्र कायदा केला होता. त्यात महिन्याकाठी एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षीस देण्यास मनाई होती आणि बक्षीस स्पर्धेची व्याख्या अशी होती की अक्षरे, शब्द किंवा आकडे यांची जुळणी, मांडणी वा अदलाबदल यांवर आधारलेले कोडे सोडवण्याबद्दल जेथे बक्षीस दिले जाते ती स्पर्धा. अक्षरांच्या जुळणीपुरते पाहिले तर लक्ष्मणरावांवरची कविता या व्याख्येत चपखल बसते. ती कायद्याच्या कचाट्यातून सुटते ती बक्षिसाच्या अटीमुळे, कारण तिला ते देण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.